शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा

(परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुली व त्यांचे पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



आजारी माणसाच्या सेवेला आपण शुश्रूषा म्हणतो. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. श्रु म्हणजे ऐकणे, त्यापासून शुश्रूषा. ऐकण्याची इच्छा, म्हणून आज्ञाधारकपणा, म्हणून सेवा, असा त्या अर्थाचा प्रवास झाला. आता कोणी कोणाचे ऐकावयाचे, हा प्रश्न त्या काळी जन्मानेच निकालात निघालेला होता. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात शूद्राला एकच कर्म नेमून दिले आहे आणि ते म्हणजे वरच्या तीन वर्णांची शुश्रूषा. खालच्याने ऐकावे आणि वरच्याने सांगावे, असा त्या शब्दाचा उतार होता. तो ग्रंथ १९२७ साली महाडला का जाळला गेला, हे आपणांस नव्याने सांगावयाची गरज नाही.

परंतु रुग्णालयात हाच शब्द उलट्या दिशेने वाहू लागतो. तेथे जो निजला आहे तो दुबळा, आणि जी उभी आहे तिच्या हाती औषध, पाणी, सुई आणि वेळ. तेथे उभे असलेल्याने निजलेल्याचे ऐकावयाचे असते. आपल्या घरांतून आज अनेक मुली हे शिक्षण घेत आहेत, आणि आपल्या घरांतील म्हातारी माणसे त्याच दवाखान्यांतून खाटेवर पडलेली असतात. म्हणून हा विषय दोन्ही बाजूंनी आपला आहे. परिचारिकेची भाषा एक, रुग्णाची दुसरी; तिचे रीतिरिवाज एक, त्याचे वेगळे; तिचे कूळ, तिचा धर्म, तिचा देश वेगळा. अशा वेळी ऐकणे म्हणजे नेमके काय, याविषयी मी आज बोलणार आहे.

प्रथम शब्दांचेच पाहू. मुंबईच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात आपण गेला असाल, तर केरळातून आलेल्या परिचारिका आपण पाहिल्या असतीलच. त्या येथे का आल्या, याला इतिहास आहे. रक्त, लघवी, ओकारी यांना हात लावणे हे विटाळाचे काम, ते आपल्या मुलींनी करू नये, असे उच्चवर्णीय घराण्यांनी दीर्घकाळ मानले. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा या देशात ४३,००० माणसांमागे एक परिचारिका असे प्रमाण होते. ही उणीव भरून काढण्यास ज्या मुली पुढे आल्या त्यांत केरळातील ख्रिस्ती घरांतील मुलींचा वाटा फार मोठा होता. हजार मैलांवरून येऊन, परक्या भाषेत रात्रपाळ्या करून त्यांनी आपली दुखणी काढली. त्यांना वॉर्डात 'मद्रासीण' म्हणून हाका मारणारे आपल्यातही होते, हे आपण विसरू नये.

आता अशी एक परिचारिका आणि साताऱ्याकडची एक म्हातारी यांची गाठ पडली आहे अशी कल्पना करा. दोघींमध्ये मोडक्यातोडक्या हिंदीचा पूल आहे. परिचारिका विचारते, 'दर्द है?' म्हातारी म्हणते, 'हां.' झाले संभाषण! पण आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत ते पाहा. गळू ठणकते. पोटात कळ येते आणि जाते. बाळंतपणात तर त्या कळाच. पाठीत चमक भरते. काटा सलतो. लघवीला आग होते. पायाला मुंग्या येतात. हाड ठुसठुसते. यातला प्रत्येक शब्द वैद्याला काहीतरी वेगळे सांगतो. दुखणे सतत आहे की थांबून थांबून, वरवरचे आहे की आत खोल, ते त्या शब्दातच असते. हिंदीतल्या एका 'दर्द' शब्दात ते सारे बुडून जाते. मग म्हातारी म्हणते, 'माझा जीव घाबरा होतोय.' हिंदीच्या कानाला त्यात घाबरणे, म्हणजे भीती, एवढेच ऐकू येते, आणि परिचारिका पाठीवर हात ठेवून मायेने म्हणते, 'डरो मत.' वास्तविक म्हातारीला भीती वाटत नव्हती. छातीवर दडपण येऊन तिला दरदरून घाम फुटला होता, आणि ते सांगावयास तिच्यापाशी तेवढेच शब्द होते. हृदयाच्या दुखण्यात अशा वेळी एकेका मिनिटाला किंमत असते.

बायकांच्या दुखण्यात तर याहून बिकट प्रकार आहे. 'अंगावरून जाते' असे बाई म्हणाली, तर ते पांढरे जाणे असेल किंवा रक्त जाणे असेल. ती रंग सांगणार नाही, कारण एवढे बोलतानाच तिची मान खाली गेलेली असते. आणि त्याच वाक्यात 'वारे' हा एक शब्द आला, 'अंगावरून वारे गेले' असे झाले, की तो पक्षाघात! एका शब्दाने आजार ओटीपोटातून मेंदूत जातो. आपण मराठी बोलणारे लोक हे सहज समजतो, म्हणून त्यात काही विशेष आहे असे आपणांस वाटत नाही. परक्या प्रांतातून आलेल्या बाईला ते कोणी शिकवले आहे काय? मुंबईच्या परिचारिका-शाळांतून शरीररचनेचे इंग्रजी ग्रंथ पढवितात, ते योग्यच आहे. पण त्याच्या जोडीला रुग्ण बोलतात त्या शंभर-दीडशे शब्दांची एक वही त्यांच्या हाती द्यावी, असे मला नेहमी वाटते.

एक शब्द चुकला तर काय होते याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. १९८० साली फ्लोरिडा राज्यात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. घरची माणसे स्पॅनिश बोलणारी, क्यूबाकडची. त्यांनी 'इंतोक्सिकादो' असा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ, काहीतरी खाण्यापिण्यात आल्याने बाधले, एवढाच होतो. इंग्रजी कानांनी तो 'इंटॉक्सिकेटेड' असा, म्हणजे मादक द्रव्य घेतलेला, असा ऐकला. दुभाषा बोलावला नाही. समजले असेच सर्वांना वाटत होते. मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. त्याकडे वेळेवर लक्ष गेले नाही आणि त्याचे चारही हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे सुमारे ७ कोटी १० लक्ष डॉलरांची भरपाई ठरली. पैशाने हातपाय परत येत नाहीत. या प्रकरणात कोणी दुष्ट नव्हते, हे ध्यानात घ्या. न समजलेला शब्द माणूस विचारून घेतो. समजला असे वाटलेला शब्द कोणी विचारीत नाही.

आणि दुभाषा म्हणून घरातल्या शाळकरी मुलाला पुढे करू नये. आपल्याकडे ही चाल फार आहे. शिकलेला तोच, म्हणून आईच्या खाटेशी त्यालाच उभे करतात. आपल्या पाळीविषयी, आपल्या ओटीपोटाविषयी आई मुलासमोर काय बोलणार? आणि 'कर्करोग आहे' हे दहा वर्षांच्या पोराने आपल्या तोंडाने आईला सांगावयाचे काय?

हे झाले शब्दांपुरते. पुष्कळ लोक येथेच थांबतात. भाषा शिकवा, दुभाषे नेमा, रीतिरिवाजांची माहिती द्या, म्हणजे झाले, असे त्यांना वाटते. अमेरिकेत मॅडेलीन लायनिंगर या परिचारिकेने या विषयाचे एक शास्त्रच उभारले. १९५० नंतरच्या दशकात मनोरुग्ण मुलांच्या एका केंद्रात काम करताना तिच्या ध्यानात आले की, निरनिराळ्या समाजांतील मुलांना निरनिराळ्या प्रकारची काळजी हवी असते. मग ती मानववंशशास्त्र शिकली, न्यू गिनीच्या डोंगराळ भागात गॅडसप लोकांत जाऊन राहिली, आणि परिचारिकेने रुग्णाची संस्कृती अभ्यासली पाहिजे असा आग्रह तिने जन्मभर धरला. हे मोठे काम आहे. तथापि या मार्गाने जाणाऱ्याच्या हाती बहुधा एक यादी उरते. अमुक लोक असे खातात, तमुक लोक असे निजतात. अशा यादीने आपले काम भागते की नाही, हा प्रश्न एका माओरी परिचारिकेने विचारला, आणि मला तिच्याविषयी आपणांस अधिक सांगावयाचे आहे.

न्यूझीलंड हा देश आपल्यापासून फार दूर. माओरी हे तेथले मूळचे लोक. १८४० साली वायटांगी येथे इंग्रजांच्या राणीच्या वतीने त्यांच्याशी करार झाला. कराराचे दोन मसुदे होते, एक इंग्रजी आणि एक माओरी, आणि दोहोंचा अर्थ एक नव्हता. इंग्रजीत माओरींनी आपले सार्वभौमत्व दिले. माओरी मसुद्यात त्यांनी कारभार तेवढा सोपविला आणि आपल्या भूमीवरचे व वस्तूंवरचे स्वामित्व राखले. पुढे जमीन गेली, भाषा मागे पडली, शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांना छड्या बसल्या. दुर्बळाशी केलेला व्यवहार बलवानाच्या भाषेत वाचला जातो, हे आपल्या समाजाला निराळे समजावून द्यावे लागू नये.

या लोकांच्या शरीराविषयीच्या काही कल्पना आहेत. माणसाचे मस्तक तापू, म्हणजे पवित्र आणि निषिद्ध. त्याला सहज हात लावीत नाहीत, डोक्यावरून अन्न पलीकडे देत नाहीत. जी उशी डोक्याखाली, ती पायाखाली किंवा बसण्यास वापरीत नाहीत. जेथे अन्न ठेवतात तेथे मलमूत्राचे भांडे ठेवणे त्यांना असह्य होते. वार, म्हणजे बाळाबरोबर बाहेर पडते ती, त्यांच्या भाषेत 'फेनुआ', आणि जमिनीलाही शब्द तोच: फेनुआ. बाळाची वार कुळाच्या जमिनीत पुरली की ते बाळ त्या जमिनीचे झाले. आजाऱ्याभोवती त्याचे सारे गणगोत बसणार, गाणार, रडणार. आता रुग्णालयाचा विचार करा. वार जाळण्याच्या भट्टीत जाते. एकाच फिरत्या मेजावर जेवणाचे ताट आणि मूत्राची बाटली दोन्ही येतात. भेटीस दोन माणसे, तीही ठरल्या वेळी. परिचारिका गोड बोलते, नियमाप्रमाणे औषध देते, केस विंचरते, चादर बदलते, आणि रुग्ण भिंतीकडे तोंड करून गप्प निजतो. तिच्या नोंदवहीत 'रुग्ण सहकार्य करीत नाही' अशी ओळ पडते. पुढच्या वेळी आजार वाढला तरी तो रुग्णालयात येत नाही. नुकसान झाले ते येथे.

त्यांच्यातल्या परिचारिकांनी हे पूर्वीच ओळखले होते. अकेनेही हेई ही १९०८ साली परिचारिका व सुईण म्हणून तेथे नोंदली गेली. पहिल्या काही माओरी परिचारिकांपैकी ती एक. विषमज्वराच्या साथीत गावोगाव जाऊन, लोकांच्या रूढींशी भांडण न मांडता त्यांच्याशी बोलून ती काम करी. १९१० साली आपल्याच नातलगांची सेवा करताना तोच ज्वर तिला झाला आणि ती गेली. हे वाचताना मला आपल्या सावित्रीबाई आठवल्या. त्याआधी तेराच वर्षे, १८९७ च्या मार्चमध्ये, मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेगचे पोर पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि त्याच रोगाने गेल्या. दोन दूरचे देश. पण पाठीवरचे ओझे एकच.

१९८८ साली क्राइस्टचर्च येथे माओरी परिचारिकांची एक सभा भरली होती. तिथे एका विद्यार्थिनीने उठून विचारले की, तुम्ही आम्हांला कायद्याची सुरक्षितता शिकवता, नीतीची शिकवता, औषधोपचाराची शिकवता; मग संस्कृतीच्या सुरक्षिततेचे काय? या प्रश्नातून 'सांस्कृतिक सुरक्षितता' हा शब्द निघाला. इरिहापेटी राम्सडेन या माओरी परिचारिकेने त्यावर विचार करून, अध्यापन करून त्याला अभ्यासक्रमाचे रूप दिले. १९९२ साली न्यूझीलंडच्या परिचारिका परिषदेने तो विषय सर्व परिचारिकांच्या शिक्षणात आवश्यक केला.

राम्सडेनबाईंचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. त्या म्हणत, परिचारिकेने माओरी रूढींची यादी पाठ करावी हे मला नको आहे. कारण एक तर शहरात वाढलेल्या, भाषा हिरावली गेलेल्या माओरी माणसाला त्या रूढी ठाऊकही नसतील. मग यादी हाती असलेली गोरी परिचारिका त्यालाच 'तू खरा माओरी नव्हेस' असे ठरवील. आणि दुसरे असे की, अडचण रुग्णाच्या संस्कृतीत नाहीच. अडचण आहे ती परिचारिकेच्या हातातल्या सत्तेत. ती कोणत्या घरातून आली, तिला लहानपणी कोणाविषयी काय शिकवले गेले, कोणाची किळस तिच्या अंगात मुरली आहे, हे तिने स्वतःच्या बाबतीत आधी तपासावे. प्रथम भेद आहे याची जाणीव, मग त्याविषयी संवेदना, आणि त्यानंतर सुरक्षितता, अशा तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या. आणि शेवटच्या पायरीवर निवाडा कोणाचा? शुश्रूषा सुरक्षित झाली की नाही, हे परिचारिका ठरवीत नाही, तिची वरिष्ठ ठरवीत नाही. ज्याची शुश्रूषा झाली तो ठरवितो.

हे बोलणे पचणे सोपे नव्हते. १९९३ ते १९९५ या काळात तेथल्या वृत्तपत्रांतून मोठे वादळ उठले. परिचर्येत राजकारण घुसविले, गोऱ्या मुलींना अपराधी ठरविले, अशी ओरड झाली; संसदेच्या समितीपुढे चौकशीही झाली. परिषदेने तो शब्द टाकला नाही. उलट पुढे वय, लिंग, धर्म, अपंगत्व, परदेशातून आलेले लोक या साऱ्यांपर्यंत त्याची व्याप्ती वाढविली. भारतातून आज पुष्कळ परिचारिका त्या देशात नोकरीस जातात. त्यांनाही तेथे रुजू होण्यापूर्वी हा पाठ घ्यावा लागतो. आपल्या मुलींपैकी कोणी गेली, तर तिने तो परक्यांच्या रूढींची यादी म्हणून न शिकता हा इतिहास म्हणून शिकावा, असे मला सांगावयाचे आहे.

आता आपल्या घराकडे या. केसपेपर काढणारा नाव विचारतो, मग आडनाव. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असे सांगितले की लेखणी थांबते आणि प्रश्न येतो, 'पूर्वीचे कोण?' ताप मोजावयास या माहितीची गरज नाही. रक्तगटाला नाही, क्ष-किरणाला नाही. १९५० पासून अस्पृश्यता राज्यघटनेने नष्ट केली आहे आणि १९५६ साली आपल्या आईबापांनी धर्म बदलला. पण कागदाच्या त्या खिडकीशी दोन्ही गोष्टी एका प्रश्नाने पुसून टाकल्या जातात. असा प्रश्न ऐकलेली बाई आत जाऊन परिचारिकेला आपले दुखणे मोकळेपणाने सांगेल काय? ती थोडके सांगेल, चांगले तेवढेच सांगेल, आणि लवकर घरी जावयास मागेल. परिचारिका कितीही कुशल असो, तिच्यापर्यंत रुग्ण पोहोचण्यापूर्वीच तिचे अर्धे काम बिघडलेले असते. वॉर्डात तर आणखी एक उतरंड आहे. औषध देणारी 'सिस्टर', आणि बेडपॅन उचलणारी 'मावशी'. दोन्ही शब्द नात्याचे आणि गोड आहेत. पण झाडू आणि भांडे पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या वस्तीकडे राहिले ते आपणांस पक्के ठाऊक आहे.

येथवर ऐकून आपणांस वाटले असेल की, अन्याय सोसणारे ते आपण आणि करणारे ते दुसरे. मला तसे म्हणावयाचे नाही. तुमच्या मुली उद्या मेळघाटात, नंदुरबारला, गडचिरोलीला नोकरीवर जातील. समोर कोरकू, भिली, गोंडी, माडिया बोलणारी बाई येईल. तिला मराठी येत नाही. त्या वेळी पांढरा पोशाख तुमच्या मुलीच्या अंगावर आहे, सुई तिच्या हाती आहे, आणि सरकारची भाषा तिच्या तोंडी आहे. 'या बायकांना काही कळत नाही', 'किती घाण राहतात', ही वाक्ये तिच्या तोंडून निघणार नाहीत अशी हमी तिचे आडनाव देऊ शकत नाही. आपल्या आजीविषयी हीच वाक्ये कोणीतरी याच स्वरात बोलले होते. राम्सडेनबाईंनी जे आत पाहावयास सांगितले, ते गोऱ्या परिचारिकेइतकेच तिलाही लागू आहे.

गडचिरोलीचे नाव निघाले, म्हणून तेथलाच एक दाखला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे काम सुरू केले. आदिवासी लोक रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. त्यांना मिळालेली उत्तरे कोणत्याही ग्रंथात नव्हती. लोक म्हणाले, तुमच्या इमारती मोठ्या, त्यांत आमचे मन हरवते. आमच्या माणसांना आजाऱ्यापाशी राहू देत नाहीत. तुमची भाषा कळत नाही. आणि डॉक्टर-परिचारिका पांढरे कपडे घालतात; आम्ही पांढऱ्या कपड्यात प्रेत गुंडाळतो. केवढी साधी गोष्ट! स्वच्छतेची खूण म्हणून जो रंग आपण अभिमानाने अंगावर घालतो, तो खाटेवरच्या माणसाला मरणाचा दूत वाटत होता, आणि तोवर कोणी विचारले नव्हते म्हणून कोणाला ठाऊक नव्हते. पुढे शोधग्रामचे रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे बांधले गेले आणि नातेवाइकांना तेथे राहण्याची सोय झाली.

त्याच जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाली. शंभरांतील ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्यापूर्वी कधीतरी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरांत फक्त ८. या बायका मुक्या नव्हत्या. शेतात, पाणवठ्यावर एकमेकींशी त्या सारे बोलत होत्या, त्यांच्या बोलीत प्रत्येक दुखण्याला नाव होते. त्या आरोग्य खात्याशी मात्र बोलत नव्हत्या, आणि खात्याने त्याचा अर्थ असा घेतला की या बायकांना गर्भ आणि बाळंतपण याखेरीज दुसरे दुखणेच नाही!

भगवंतांनी आजारी भिक्षूची केलेली सेवा आपण विहारात ऐकली आहे. अतिसाराने आपल्याच मळमूत्रात पडलेला भिक्षू. कोणी त्याच्याकडे जात नाही. भगवंत पाणी ओततात, आनंद त्याला धुतो, मग एकाने डोके आणि एकाने पाय धरून त्याला खाटेवर निजवितात. ही कथा सर्वांना ठाऊक असते. परंतु विनयपिटकात तिच्या पाठोपाठ जे येते त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. शुश्रूषा करणाऱ्याला कोणते पाच गुण हवेत हे तेथे सांगितले आहे. पथ्य-अपथ्य ओळखणे, औषध सिद्ध करता येणे, मलमूत्राची किळस नसणे, लोभाऐवजी मैत्रीने सेवा करणे, वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाचे मन प्रसन्न करणे. आणि रुग्णाचेही पाच गुण सांगितले आहेत. त्यांतला एक असा की, दुखणे वाढत आहे, उतरत आहे की जेथल्या तेथे आहे, हे त्याने हितेच्छू सेवकाला आहे तसे सांगावे. सेवकाला 'हितेच्छू' हे विशेषण उगाच लावलेले नाही. रुग्णाने खरे सांगावे असे म्हणण्यापूर्वी, समोरचा आपले हित इच्छितो असा विश्वास त्याला वाटला पाहिजे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आणि क्राइस्टचर्चच्या त्या विद्यार्थिनीचा प्रश्न, दोन्ही एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात.

परिचारिकेच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत, नाहीतर मी तिच्यावर अन्याय केला असे होईल. सरकारी वॉर्डात तिच्या एकटीच्या हवाली कधी तीस, कधी चाळीस खाटा असतात. जमिनीवर अंथरलेले रुग्ण निराळेच. ऐकावयास वेळ लागतो, आणि वेळ तिच्यापाशी नाही. तिला ऐकण्याची इच्छा हवी, हे खरे. परंतु ती इच्छा आठव्या तासाला शिल्लक राहावी इतकी माणसे नेमणे हे सरकारचे काम आहे. शुश्रूषेतील उणिवेचा सारा दोष शेवटच्या बाईच्या पदरात टाकणे सोपे असते, म्हणून ते वारंवार केले जाते. आणि रुग्णाच्या नातलगांनी तिला 'ए सिस्टर' म्हणून अरेतुरे करणे, परप्रांतीय म्हणून तिच्या बोलण्याची नक्कल करणे, किंवा तिची जात कळताच तिच्या हातचे पाणी नको म्हणणे, हेही या देशात घडते. सत्ता एकाच बाजूने वाहत नाही.

आपले अधिकार कोणते? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. तीत सतरा हक्क आहेत. आपल्या आजाराची माहिती आपल्याला कळेल अशा भाषेत मिळणे, उपचारास समजून संमती देणे, स्त्री-रुग्णाच्या तपासणीवेळी दुसरी स्त्री हजर असणे, धर्म, जात, भाषा यांवरून भेद न होणे, तक्रार करता येणे, हे त्यांत आहे. २०१९ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती सनद राज्यांकडे पाठविली. रुग्णालयाच्या भिंतीवर ती लावलेली आहे काय, हे पुढच्या वेळी गेलात की पाहा, आणि नसल्यास नम्रपणे पण उभ्याउभ्या विचारा. धर्माच्या रकान्याशी 'पूर्वीचे कोण' असे कोणी विचारले, तर 'हा प्रश्न कोणत्या नियमाने विचारता' असा उलट प्रश्न करण्यास आपल्या तरुणांनी शिकावे. त्यासाठी आवाज चढविण्याचे कारण नाही.

दुखणे सांगताना मात्र आपलेच शब्द वापरा. अर्धवट ऐकलेले इंग्रजी शब्द, 'ॲसिडिटी', 'बीपी', 'गॅस', हे लावून सांगू नका; त्याने ऐकणाऱ्याचा विचार आधीच एका बाजूला झुकतो. ठणकत असेल तर ठणकते म्हणा, आणि हाताने जागा दाखवा. कधीपासून, किती वेळ, कशाने वाढते, एवढे सांगा. सोबत मोठे माणूस न्या, बाईबरोबर बाई. जे कळले नाही त्याला 'हो' म्हणू नका. आपल्या समाजात शिकलेल्या माणसापुढे 'हो' म्हणण्याची फार जुनी सवय आहे. ती आदरापोटी नव्हे, भीतीपोटी लागलेली आहे.

आणि मुलींनो, तुम्ही 'कळलं का?' असे कधी विचारू नका. त्याला 'हो' याखेरीज उत्तर मिळत नाही. त्याऐवजी म्हणावे, 'आजी, घरी गेल्यावर या गोळ्या कशा घेणार ते मला एकदा सांगा बरं.' डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेले असते, जेवणानंतर दिवसातून तीनदा. पुष्कळ घरांत जेवण दोनदाच होते, कोठे एकदाच. ती बाई प्रामाणिकपणे दोनच गोळ्या घेईल, आणि पंधरा दिवसांनी परत आली की तिच्या कागदावर 'औषध नियमित घेत नाही' असा शेरा पडेल. तिला आधी विचारले असते, 'तुमच्याकडे जेवण किती वेळा होतं?', तर तिने सांगितले असते. ती सांगत असताना मात्र हातातले काम थांबवून तिच्या तोंडाकडे पाहावे लागते.